कवी कुठे उभा आहे?

१४ एप्रिल १९७७

तिसऱ्या तासाला शिपाई वर्गाच्या दारात आला आणि म्हणाला, बाई, तुम्हाला ग्रंथालयात बोलावलंय. कोणी बोलावलंय ते त्याने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. मुलांनी एकदम वह्यांत डोकी खुपसली. या गावात आता सगळ्यांनाच ही सवय लागली आहे. जिना उतरताना मी गेल्या आठवड्यात कुणाकुणाशी काय काय बोलले ते आठवत होते. मांसाच्या भावाबद्दल काहीतरी बोलले होते. तेवढंच असावं, असं मनाला समजावत खाली पोचले.

आत कॅप्टन सिल्व्हेइरा होता. मी गेल्यावर तो उठून उभा राहिला. वय पस्तिशीचं, नखं स्वच्छ, आवाज मऊ. तो ओरडला असता तर मला कमी भीती वाटली असती.

नोएमी अल्साते तुमची विद्यार्थिनी ना, असं त्याने विचारलं. हो म्हटलं. नाही म्हणून काय उपयोग, अख्ख्या गावाला माहीत आहे. मी शिकवलेल्यांत पुस्तक छापून आलेली ती एकटीच. दोन वर्षांपूर्वी राजधानीत तिच्या खोलीवर सैनिक गेले तेव्हा ती निसटली होती. नदी ओलांडून पलीकडे आर्जेन्टिनात गेली, असं सगळेच म्हणतात. कॅप्टनही तसंच म्हणाला. पलीकडच्या लष्करातले त्यांचे मित्र तिला वर्षभर शोधताहेत आणि सापडत नाही. आता पलीकडे जाणाऱ्या लाँचवर एक माणूस पकडला, त्याच्या कोटाच्या अस्तरात तिच्या ताज्या कविता शिवलेल्या मिळाल्या.

"राजधानीतले लोक म्हणतात, प्रत्येक ओळ म्हणजे बंड," तो म्हणाला. "मला ते पटत नाही. मला खरा अर्थ हवाय, बाई. तुमच्याइतकं ते कुणाला जमणार?"

मग उठताना सहज म्हणाला, तुमच्या नावापुढे 'बी' आहे ना? आहे. सरकारने सगळ्यांना अक्षरं वाटली आहेत. 'ए' म्हणजे भरवशाचा, 'बी' म्हणजे नजर ठेवा, 'सी' म्हणजे नोकरीतून बाहेर. 'बी'चं 'ए' होतं तसं 'सी'पण होतं, हे त्याला बोलून दाखवावं लागलं नाही.

पहिली कविता तो घरी पाठवणार आहे. मी सांगितलं की मला लोकांसमोर वाचायला जमत नाही. खरं कारण सांगायची लाज वाटली. वाचताना माझे ओठ हलतात. लहानपणापासूनची खोड आहे. मुलं पाठीमागे मला रवंथबाई म्हणतात, हे मला ठाऊक आहे.

संध्याकाळी चिचिताकडे गेले. शेजारी राहते, आमच्या दोन अंगणांमध्ये एक भिंत, आणि तीस वर्षं मी तिच्या स्वयंपाकघरात बसून एकाच भांड्यातून, एकाच नळीने माते, आपला तो कडू पाल्याचा चहा, पीत आले आहे. आज तिने दार वीतभर उघडलं. डोकं दुखतंय म्हणाली. आत रेडिओ केवढ्याने चालला होता, आणि म्हणे डोकं दुखतंय. जानेवारीपासून, ऐन उन्हाळ्यापासून ती अशीच वागते आहे. एका नळीतून पिणारी बाई मला उंबरठ्यावरून परत पाठवते. म्हणूनच ही वही काढली. कुणाशी तरी बोलायला हवंच.


१६ एप्रिल

कविता आली. टाइप केलेला कागद, खाली नाव नाही, पण नाव कशाला हवं. ही पोरगी चौदा वर्षांची असतानाही अशीच लिहायची. ठिगळासारखे छोटे छोटे शब्द.

रोज संध्याकाळी सूर्य पाण्यात बुडतो,
कुणी दोर टाकत नाही.
मी चादरीचं टोक
घट्ट धरून बसते.

राजधानीतल्या शहाण्यांनी काय वाचलं असेल ते मला दिसतंय. आपल्या झेंड्यावर सूर्य आहे. म्हणजे देश बुडतोय आणि वाचवायला कुणी येत नाही. एवढ्यावर माणसाला दहा वर्षं आत टाकता येतं.

पण कविता अशी वाचत नाहीत. वर्गात मी सव्वीस वर्षं तीन प्रश्न विचारत आले. पहिला, कवी कुठे उभा आहे, म्हणजे त्याला काय दिसतंय. दुसरा, तो कुणाशी बोलतोय, म्हणजे सूर कसा आहे. तिसरा, तो कशाला भितोय. प्रतिमा, सूर, आशय, सगळं त्यात आलं. आधी वस्तू बघायची, मग तिचा अर्थ. वस्तू न बघता जो अर्थाकडे पळतो त्याला मी शून्य देते.

ठरवलं. वस्तू म्हणजे फक्त वस्तू, एवढंच सिद्ध करायचं. पोरीच्या कविता स्वयंपाकघरातल्या भांड्यांइतक्या निरुपद्रवी आहेत हे दाखवून द्यायचं. ती कुठे का असेना, निदान तिच्या नावावरचं बंड तरी पुसलं जाईल. आणि माझं 'बी' बिघडणार नाही. हे दुसरं कारण पहिलं की पहिलं दुसरं, ते आज ठरवत बसत नाही.


१९ एप्रिल

झालं. आणि चांगलं झालं.

मी कॅप्टनला म्हटलं, साहेब, झेंडा विसरा. संध्याकाळी धक्क्यावर जाऊन उभे राहा. सूर्य रोज पाण्यातच बुडतो, तुम्ही आम्ही रोज बघतो. एकटी पोर खिडकीतून सूर्यास्त बघते आणि अंधाराला भिऊन चादर धरते, यात सरकार कुठून आलं? त्याने माझे तीन प्रश्न स्वतःच्या हाताने लिहून घेतले. वर्गातल्या कुठल्याही मुलाने माझं असं ऐकलेलं नाही. मध्येच त्याने लिहिणं थांबवलं, खिडकीतून बाहेर नदीकडे बघितलं, आणि म्हणाला, "खरंच की. रोज बुडतो."

मग त्याने मातेचं भांडं भरून माझ्यापुढे केलं. त्याच्या ओठांतली नळी माझ्या ओठांत घ्यायची होती, पण नाही म्हणायची हिंमत झाली नाही. दुसऱ्या वेळी धन्यवाद म्हटलं, म्हणजे पुरे. त्याने हसून भांडं परत घेतलं.

घरी येताना मी जवळजवळ गुणगुणत होते. या वयात अशी शाबासकी मिळाली की माणूस वेडं होतं.


२ मे

दिवसभर पाऊस. पाऊस पडला की या गावात प्रत्येक घरी तोर्ता फ्रिता तळतात. कणकेच्या गोल पुऱ्या, मधे भोक. भिंतीवरून चिचिताची ताटली यायची आणि दुसऱ्या दिवशी ती रिकामी परत करायची नाही, एवढा आमचा करार. तिचा नवरा वारला त्या दिवशी पाऊस होता, तेव्हाही ताटली आली होती.

आज आली नाही. तळणीचा वास येत होता, म्हणजे तळल्या तर होत्या. एकटी बाई एवढं सगळं खाते तरी कशी? दूधवाल्याने परवा सांगितलं की ती आता दोन बाटल्या घेते. पोट सुटलं नाही अजून, हे नवल आहे. मला उगाच रडू आलं. कॅप्टन मला बोलावतो हे तिला कळलं असणार, म्हणून वाळीत टाकलं. तिला एकदा सांगावंसं वाटतं की अगं, मी त्या पोरीला वाचवते आहे. पण दार उघडलं तर सांगणार ना.


९ मे

आजचं आजच लिहायला हवं.

दुसरी कविता परवा आली होती.

पावाचा आवाज करू नकोस, म्हणते ती.
मी दुधात भिजवते, भूक मुकी होते.
माझे तुकडे मोजताना
तिची स्वतःची मोजणी चुकते.

आज मी कॅप्टनला समजावून दिलं की मुकी भूक म्हणजे सरकारने तोंड बांधलेली जनता वगैरे काही नाही. सूर ऐका, म्हटलं. दोन बाया आहेत, एक वयाने मोठी. ती रागावल्यासारखं बोलते पण स्वतः कमी खाते आणि हिला घालते, केवढी माया आहे ओळीत. आणि आवाज करणारा पाव म्हणजे आपली गायेता, दगडासारखी, चावली की कडाडते. राजधानीतल्या मऊ पावावर वाढलेल्यांना ही ओळ कळायचीच नाही, असंही म्हणाले. शहाणपणा केवढा उतू जात होता.

कॅप्टनने सगळं लिहून घेतलं. मग टोपण लावलं आणि अगदी विद्यार्थ्यासारखं म्हणाला, "बाई, तुमच्या पहिल्या प्रश्नावर मी पुष्कळ विचार केला. कवी कुठे उभा आहे. नदी आपल्या पश्चिमेला. पलीकडच्या काठावर सूर्य पाण्यात बुडत नाही, तिथे तो पाण्यातून उगवतो."

मी समोरचा कागद पालथा घातला.

"ती पलीकडे कधी गेलीच नाही," तो म्हणाला. "आपल्याच काठावर आहे. एका मोठ्या बाईच्या घरी आहे आणि आपल्याच भट्टीचा पाव खाते. तुमच्यामुळे कळलं."

माझे आभार मानून तो गेला. शाळा सुटली होती. मी ग्रंथालयात बसून राहिले, शिपाई कुलूप लावायला आला तेव्हा उठले.

मी कविता बरोबर वाचली. शब्द न् शब्द बरोबर वाचली. आणि एका वर्षात त्यांच्या सगळ्या पलटणीला जे जमलं नाही ते मी दोन बैठकांत करून दिलं.


११ मे

बंदराच्या बाजूने झडती सुरू झाली. घराघरांत शिरताहेत. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या बायकांची घरं आधी, असं वर्गातली मुलं कुजबुजत होती. मी फळ्याकडे तोंड करून उभी राहिले.

पोरगी इथेच आहे, या गावात. रस्त्यात कुणीही वयस्क बाई दिसली की वाटतं, हिच्याकडे असेल का? आणि लगेच मान फिरवते. मला कळायलाच नको. मला कळलं तर ते माझ्या तोंडातून काढून घेतील. मारूनच काढतील असं नाही, माझं कौतुक करूनही काढतील. त्याचीच जास्त भीती वाटते.

शिक्षकांच्या खोलीत आता माझ्या शेजारची खुर्ची रिकामी असते. भूगोलाचे सर पूर्वी मला रोज एक वात्रट कोटी ऐकवायचे. आज त्यांनी अगदी अदबीने माझ्यासाठी दार धरलं.


२७ मे

आज कॅप्टनने कागद आधी पाठवला नाही. घेऊनच आला. वेळ कमी आहे, इथेच वाचा म्हणाला. त्याने थर्मासमधून पाणी ओतायला घेतलं आणि मी वाचायला लागले.

समोरच्या खिडकीत एक बाई
ओठ हलवत वाचते.

ही ओळ मी वाचली तेव्हा माझे ओठ हलत होते.

मी थांबले. मान वर केली नाही. पाणी ओतल्याचा आवाज चालू होता, म्हणजे तो भांड्याकडे बघत होता. बघत असावा. पुढच्या ओळी मी ओठ दातांखाली धरून वाचल्या.

आवाज माझ्यापर्यंत येत नाही,
तरी मला सगळं पाठ आहे.
तिच्या पाठीमागे पाणी पेटतं
आणि ती पान उलटते.

माझ्या मागच्या खोलीला दोन खिडक्या आहेत. एकीतून नदी दिसते. दुसरीसमोर फक्त चिचिताचं घर आहे आणि त्यावर माळ्याचा तो गोल झरोका. तिच्या नवऱ्याने कबुतरांसाठी पाडलेला. मी रोज संध्याकाळी त्या खिडकीशी बसून वाचते. दुधाच्या दोन बाटल्या. रेडिओ. वीतभर उघडलेलं दार. मी महिनोन्महिने रुसून बसले होते आणि पोरगी माझ्या डोक्यावरून मला बघत होती.

"काय म्हणते?" कॅप्टनने विचारलं. "कुठे उभी आहे ती?"

जन्मात कधी केलं नव्हतं ते मी केलं. वस्तूकडे बघितलंच नाही. म्हटलं, साहेब, मी चुकत होते, राजधानीतल्यांचंच बरोबर होतं. ही खरी बाई नाही. ही मातृभूमी आहे. हलणारे ओठ म्हणजे दबलेल्या जनतेचं बोलणं. पेटलेलं पाणी म्हणजे येऊ घातलेलं बंड. पान उलटणं म्हणजे राज्य उलटणं. मी बोलत गेले आणि एकेका वाक्यासरशी नोएमीच्या नावावर वर्षं चढत होती. दुसरं काय करणार होते? बंडखोर म्हणून पुस्तकं जाळतील, नाव भिंतीवर लावतील. पण मातृभूमीच्या समोरच्या घराची झडती कशी घेणार?

त्याने पेन खाली ठेवलं.

"तुम्हीच शिकवलंत," तो म्हणाला, "आधी वस्तू, मग अर्थ. आज तुम्ही थेट अर्थालाच हात घातलात."

"कधीकधी वस्तू नसतेच," मी म्हटलं. असं उत्तर एखाद्या मुलाने दिलं असतं तर त्याला मी वर्गाबाहेर काढलं असतं.

"पुन्हा एकदा वाचा. घाई नाही. मनात वाचा."

त्याने खुर्ची पुढे ओढली आणि माझ्या तोंडाकडे बघत बसला. मी कागद हातात धरला. दात आवळले. डोळे ओळींवरून फिरवत राहिले. ओठ मिटलेले असले की मला अक्षरं लागतच नाहीत, नुसत्या काळ्या मुंग्या दिसतात. जीभसुद्धा टाळूला चिकटवून ठेवली होती. किती वेळ गेला कोण जाणे. शेवटी एक पुरी कविता वाचायला जेवढा वेळ लागावा तेवढा झाला असं वाटलं आणि कागद खाली ठेवला.

"तेच," मी म्हटलं. "मातृभूमी."

त्याने मी सांगितलेलं टाइप करवून माझी सही घेतली. निघताना म्हणाला, लोक तुमच्यावर चिडलेले आहेत असं कळतं, तुमच्या दारावर आमचा एक माणूस ठेवतो. तुमच्याच काळजीपोटी.

माणूस आला आहे. कोपऱ्यावर उभा आहे, तिथून माझंही दार दिसतं आणि चिचिताचंही.


२८ मे

आज त्यांनी आमच्या मागची गल्ली तपासली. उद्या नाहीतर परवा आमची.

चिचिताला कळवायला हवं होतं की झरोक्यातून दिसणाऱ्या बाईची कविता त्यांच्या हातात आहे. नुसती माळ्यावर पोती रचून भागणार नाही, पोरीला हलवायला हवं. पण दार ठोठावलं तर तो माणूस बघणार, आणि ते वीतभर उघडणार. चिठ्ठी टाकायची छाती नाही. आजाऱ्यासारखी अंगणात येरझाऱ्या घालत राहिले. आकाश धुतल्यासारखं निळं, थंडीतलं लख्ख ऊन, महिनाभर पाऊस येईलसं लक्षण नाही.

तेव्हा सुचलं. मी कणीक भिजवली, कढई ठेवली आणि तोर्ता फ्रिता तळल्या. अशा उन्हात या गावात कुणी कधी तळल्या असतील असं मला वाटत नाही. दोन करपल्या. ताटली घेऊन भिंतीशी गेले आणि हाक मारली. कोपऱ्यावरचा माणूस चार पावलं जवळ आला. मी त्यालाही एक दिली. त्याने घेतली, आकाशाकडे बघितलं आणि मला खुळ्यात काढलं असावं. तो राजधानीकडचा आहे, तिथेही पावसातच तळतात.

चिचिता आली. हात पिठाने नाही, कसल्याशा धुळीने भरलेले. आधी ताटलीकडे बघितलं, मग वर आकाशाकडे, मग माझ्याकडे. तिचा चेहरा एकदम पांढरा पडला.

"पाऊस येईलसं वाटलं," मी म्हटलं.

"येईल खरा," ती म्हणाली. "वाळत घातलेलं सगळं आत घेते."

ताटली घेऊन ती गेली. तिने मला ओळखलं की नाही, म्हणजे मी कुठल्या बाजूची आहे ते तिला कळलं की नाही, हे मला माहीत नाही. मी सापळा लावतेय असंही वाटलं असेल. आज मी तिच्या जागी असते तर मला तसंच वाटलं असतं.


३१ मे

आले होते.

सकाळी मागच्या खोलीत मी पुस्तक घेऊन बसले. आज शाळेत जाऊ नका असा कॅप्टनचा निरोप होता. शेजारून फर्निचर ओढल्याचे आवाज येत होते. चिचिताचा आवाज आला, हळू, अरे त्या कपाटाची काच बदलून कोण देणार. तिचा आवाज ऐकून जीव भांड्यात पडला, मग माळ्याच्या शिडीवर बूट वाजले. मी वाट बघत होते किंकाळीची. आली नाही.

मग झरोक्याची फळी उघडली आणि तिथे कॅप्टन दिसला.

तो जिथे पोरगी बसायची तिथे उभा होता. त्याला माझं छप्पर दिसत असणार, त्यामागे नदी, आणि समोर खिडकीत पुस्तक घेतलेली एक बाई. पडदा ओढावा असं वाटलं. ओढला असता तर संपलंच होतं. उठून जाणंही तसंच. बाईने वाचायलाच हवं होतं आणि तिचे ओठ हलता कामा नव्हते. हलले असते तर माळा रिकामा असून काही उपयोग नव्हता, चिचिताला तिथूनच खाली ओढत नेलं असतं.

मी वाचत राहिले. काय वाचत होते विचाराल तर सांगता येणार नाही. पान उलटायचं भान ठेवलं, दोनदा उलटलं. अंगातून घाम निथळत होता एवढ्या थंडीत. खालचा ओठ आपसूक थरथरायला लागला तेव्हा जांभई आल्यासारखं हाताने तोंड झाकलं आणि हात काढला तेव्हा ओठ पुन्हा घट्ट मिटले.

तो बराच वेळ उभा होता. मग त्याने फळी लावून घेतली.


१३ जून

कोपऱ्यावरचा माणूस गेल्या आठवड्यात गेला. कॅप्टनची बदली दुसऱ्या सीमेवर झाली असं म्हणतात. जाण्यापूर्वी तो शाळेत आला होता, मला भेटला नाही, मुख्याध्यापकांकडे लखोटा ठेवून गेला. माझं 'बी'चं 'ए' झालं आहे. मुख्याध्यापकांनी सगळ्यांसमोर अभिनंदन केलं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. भूगोलाच्या सरांनी सर्वांत जोरात वाजवल्या आणि माझ्याकडे बघितलंही नाही. नोएमीचं नाव पोस्टाच्या भिंतीवर लागलं आहे. खाली लिहिलंय, तिच्याच शिक्षिकेच्या साक्षीनुसार.

आज पाऊस पडला. संध्याकाळी मागचं दार वाजलं. चिचिता, डोक्यावर पोतं, हातात ताटली. पाच महिन्यांनी आत आली. नेहमीच्या स्टुलावर बसली आणि मी माते भरून दिलं. मग पहिला घोट घेऊन म्हणाली, "काय 'ए'वाल्या बाई, आमच्यासारख्यांच्या हातचं खाल ना?"

मला हसायचं होतं, रडायलाच आलं. तिने रडू दिलं.

पोरगी संत्र्यांच्या ट्रकमधून ब्राझीलच्या बाजूला गेली. एवढंच तिला माहीत, पुढचं काही नाही. पोचली का? कुणी म्हणतं पोचली. ताटली भिंतीवर आली त्याच संध्याकाळी निघाली. मी विचारलं, तुला माझा भरवसा वाटला? चिचिता म्हणाली, नाही वाटला. पोरगी म्हणाली, रवंथबाई उन्हात तळणार नाही, काहीतरी झालंय.

"ओठ बघून सांगायची मला," चिचिता म्हणाली. "आज बाई अमकं वाचताहेत, आज तमकं. स्वतःही तुझ्याबरोबर म्हणायची वर बसून, आवाज न करता. बरं वाटायचं तिला. वाच की आता काहीतरी. कोण बघतंय?"

मी पुस्तक काढलं, झडतीच्या सकाळी खिडकीत धरलेलं तेच, लाल पाठीचं. उघडलं. ओळ समोर होती, मला ती शाळकरी वयापासून येते. ओठ उघडेनात. त्या दिवसापासून असंच चाललं आहे. वर्गात मी मुलांना वाचायला लावते आणि स्वतः खिडकीकडे बघते, कुणाच्या लक्षात आलेलं नाही. हे मी या वहीतही लिहिलं नव्हतं. आज तिला सांगितलं.

चिचिताने माझ्या हातातून पुस्तक घेतलं, चष्मा लावला आणि बोट ठेवून वाचायला लागली. भलत्या ठिकाणी थांबत, यमकावर अडखळत, पहिलीतल्या पोरासारखं. बाहेर गाडीचा आवाज आला, आमच्या दारापाशी हळू झाला. ती थांबली. आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघितलं नाही. गाडी पुढे गेली. तिने ओळीवरचं बोट मागे नेलं आणि पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतलं.